यूव्ही टॉर्च, तीन हिवाळे वापरून: उजेडाचं सोडा, धुता येतो का ते सांगा

आधीच सांगतो, विंचू शोधणारे, नोटा तपासणारे आणि मांजराने कार्पेटवर कुठे घाण केली ते हुडकणारे, यांच्यासाठी हा रिव्ह्यू नाही. त्यांचे ढिगाने रिव्ह्यू पडलेत या टॉर्चखाली, सगळे खूश, पाच स्टार, 'सुपर ब्राइट', झालं. मी हा टॉर्च घेतला झोपलेल्या वटवाघळांचे पंख बघायला, तिथला हिशोबच वेगळा असतो आणि तो कुठल्याच रिव्ह्यूत सापडेना म्हणून शेवटी मीच लिहायला बसलोय. ब्रँडचं नाव देत नाही, एक तर हाच टॉर्च चार नावांनी विकला जातो आणि दुसरं म्हणजे पुढे मी भरपूर कुरकुर करणार आहे.

मी पेनसिल्व्हेनियात असतो. पोटापाण्याला सॉफ्टवेअर, सुट्टीला गुहा. हिवाळ्यात स्टेटच्या बायोलॉजिस्ट लोकांना वटवाघळांच्या मोजणीला हाताखाली माणसं लागतात, आमच्या केव्हिंग क्लबमधून दोघं-तिघं जातो. काम काय, तर दिवा धरा, आकडे लिहा, पिशव्या उचला. वटवाघळाला हात लावायचा नाही, तो मान रेबीजची लस टोचून घेतलेल्या परमिटवाल्यांचा. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "एवढं शिकून खाणीत शिरून वटवाघळं मोजतोस?" हो मोजतो, आणि मोजायला फारशी उरली नाहीत हेच तर दुखणं आहे.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांना थोडक्यात. फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीजवळच्या हाऊज केव्हमध्ये एका केव्हरने झोपलेल्या वटवाघळांचे फोटो काढले, त्यात काहींच्या नाकावर पिठाचा हात फिरवल्यासारखं पांढरं दिसत होतं. तोच व्हाइट-नोज सिंड्रोम या वटवाघळांच्या आजाराचा अमेरिकेतला पहिला पुरावा. ते पांढरं म्हणजे बुरशी, तिचं नाव स्यूडोजिम्नोॲस्कस डिस्ट्रक्टन्स, बोलताना सगळे पीडी म्हणतात. ती थंडीतली आहे, १२ ते १६ अंशांच्या आसपास खूश आणि २० च्या वर वाढतच नाही. म्हणजे जाग्या वटवाघळाच्या गरम अंगावर तिचं काही चालत नाही, पण हिवाळी झोपेत त्यांचं अंग गुहेइतकंच गार पडतं, प्रतिकारशक्तीही थंडावते, आणि मग ती नाक, कान, पंखांच्या पातळ कातडीत मुळं धरते. धडधाकट वटवाघूळ हिवाळ्यात साधारण दोन-तीन आठवड्यांनी एकदा जागं होतं, आणि चरबी खरी जळते ती या जागं होण्यातच. बुरशी लागलेलं जास्त वेळा जागं होतं, फेब्रुवारीपर्यंत साठा संपतो, मग ते भर दिवसा बर्फात बाहेर उडतं, किडा एक नाही, आणि मरतं. नॉर्दर्न लाँग-इअर्ड, लिटल ब्राउन आणि ट्रायकलर्ड या तीन जातींची ९० टक्क्यांहून जास्त संख्या दहा वर्षांच्या आत गेली. नॉर्दर्न लाँग-इअर्डला २०२२ मध्ये सरकारने एन्डेंजर्ड यादीत टाकलं.

आता टॉर्चकडे येतो. पांढरी बुरशी नुसत्या डोळ्यांनी दिसते की, मग यूव्ही कशाला, हा प्रश्न मीही विचारला होता. तर ती नेहमी दिसत नाही. वटवाघूळ जागं झालं की चाटून पुसून साफ करतं, आणि पंखात आत शिरलेली तर वरून कळतच नाही. पूर्वी पक्कं निदान करायचं म्हणजे मेलेलं नाहीतर मारलेलं वटवाघूळ लॅबला पाठवून पंखाचे काप मायक्रोस्कोपखाली बघायचे. मग पेनसिल्व्हेनिया गेम कमिशनचे ग्रेग टर्नर आणि त्यांच्या सोबतच्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की ३६६ ते ३८५ नॅनोमीटरचा यूव्ही उजेड पंखावर टाकला तर जिथे बुरशीने कातडी खाल्लीय तिथे नारिंगी-पिवळे ठिपके चमकतात. १६८ वटवाघळांचे पंख तपासले, ८० चमकले त्यातले ९८.८ टक्के मायक्रोस्कोपखालीही पॉझिटिव्ह निघाले, आणि जे ८८ चमकले नाहीत त्यातलं एकही पॉझिटिव्ह नव्हतं. चमक येते रिबोफ्लेविनमुळे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, बुरशी तिथे ते साठवून ठेवते. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते ना, तोच माल.

बायोलॉजिस्ट बाईंकडे एक चांगला दिवा होता पण टीम दोन ठिकाणी फुटली की दुसऱ्या टीमचे हाल, म्हणून मी म्हटलं मी घेतो एक. आणि पहिला गाढवपणा इथेच केला. १८ डॉलरचा, पुढे डझनावारी एलईडीची जाळी असलेला, ३९५ नॅनोमीटरवाला उचलला. ३९५ म्हणजे यूव्हीच्या नावाखाली निम्मा जांभळा उजेडच. खाणीत लावला तर सगळं डिस्कोसारखं जांभळं झालं, वटवाघूळ जांभळं, दगड जांभळा, बाईंचा चेहरा जांभळा, आणि त्या जांभळ्यात टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके शोधा म्हणे. जवळ नेल्यावर काहीतरी आहे असं वाटायचं, पण 'वाटतं' हा शब्द फॉर्ममध्ये भरता येत नाही.

पण तो टॉर्च मेला उजेडापायी नाही, धुण्यापायी मेला, आणि हीच गोष्ट विकणारे कधी सांगत नाहीत.

पीडीचे बीजाणू चिखलात, कपड्यावर, बुटावर टिकतात, वटवाघूळ नसलेल्या गुहेतसुद्धा वर्षानुवर्षं. रोग मुख्यतः वटवाघळाकडून वटवाघळाला जातो, पण लांबच्या नव्या गुहेत तो आपल्या बुटावरून जाऊ शकतो, म्हणून नियम असा की आत नेलेली एक न एक वस्तू निर्जंतुक करायची. आधी जागेवरच ब्रशने चिखल पूर्ण काढायचा, कारण चिखल राहिला तर त्याखाली औषध पोचत नाही, मग बंद पिशवीत भरून आणायचं आणि घरी किंवा ऑफिसात कमीत कमी ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात निदान २० मिनिटं पूर्ण बुडवून ठेवायचं. जे बुडवता येत नाही ते चालणाऱ्या यादीतल्या जंतुनाशकाने पुसायचं. अंगावरचे पांढरे कागदी डगले तर एकदा वापरले की फेकूनच देतो.

तर त्या १८ डॉलरवाल्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं होतं, मी भोळा, बुडवला. बाहेर काढून नळाखाली धरला तर काचेच्या आत धुकं, दुसऱ्या दिवशी आत थेंब, तिसऱ्या दिवशी बटण दाबलं तर नुसतं टिक्. पुसून वापरायचं म्हटलं तर जाळीत इतक्या फटी की टूथब्रशचा केसही शिरत नाही. कचऱ्यात गेला.

दुसरा, म्हणजे ज्याचा हा रिव्ह्यू आहे तो, ४६ डॉलरला. ३६५ नॅनोमीटर, एकच एलईडी, पुढे काळ्या काचेचा फिल्टर जो दिसणारा जांभळा उजेड अडवतो, आत १८६५० ची चार्ज होणारी बॅटरी. लावला की पहिल्यांदा वाटतं बंदच आहे, कारण डोळ्याला जवळपास काहीच दिसत नाही. आणि तेच हवं.

पहिल्यांदा वापरला तो दिवस सांगतो. जागा एक बंद पडलेली खाण, नाव लिहीत नाही, झोपायच्या जागा जाहीर करायच्या नसतात. आत ६-७ अंश, छतातून टप टप. बाईंनी कोपऱ्यातलं एक लिटल ब्राउन दाखवलं, अंगठ्याएवढं, वजन म्हणाल तर आठ-एक ग्रॅम, अंगावर दवाचे थेंब जमलेले, हेडलॅम्पमध्ये चांदीचं असल्यासारखं. नाक साफ. मी मनात म्हटलं, चला हे तरी वाचलं. त्यांनी ते हळूच उतरवलं, एक पंख उलगडला, मी पंखाच्या मागून टॉर्च धरला, सगळ्यांनी हेडलॅम्प बंद केले. काळ्या पडद्यावर नारिंगी ठिपके, मनगटाजवळ गर्दी, बोटांच्या हाडांकडे विरळ होत गेलेले, आकाशगंगा बघतोय असं वाटावं इतके. कोणी काही बोललं नाही. बाईंनी "थ्री" म्हटलं, म्हणजे पंख किती खराब त्याचा आकडा, तसा मी टॉर्च बंद केला, आकडा लिहिला, त्यांनी स्वॅब त्याच्या नाकावर आणि हातावर फिरवून नळीत टाकला, वटवाघूळ परत जागेवर. नंतर ग्लव्ह्ज बदलायचे, प्रत्येक वटवाघळाला नवीन.

हो, यूव्हीने चमकलं म्हणजे झालं असं नाही, स्वॅब लॅबला जातोच. मॅडिसन, विस्कॉन्सिनला नॅशनल वाइल्डलाइफ हेल्थ सेंटर आहे ते यातलं मुख्य, तिथे डीएनए टेस्टमध्ये बुरशीचा अगदी बारीक अंशही पकडतात, ठिपके यायच्या आधीचा. टॉर्चचा उपयोग हा की कुठल्या वटवाघळाचे पंख खराब झालेत ते जागेवर कळतं, फोटो काढून ठिपके मोजता येतात, आणि कोणाला मारावं लागत नाही.

फिल्टर किती महत्त्वाचा ते भिंतींवर कळतं. गुहेतलं कॅल्साइट यूव्हीत निळसर पांढरं चमकतं, काही ठिकाणी टॉर्च बंद केल्यावरही क्षणभर उजळत राहतं, बघायला भारी वाटतं. पण आपल्या कपड्यांचा धागा उडून पंखावर बसला तर तोही चमकतो, वॉशिंग पावडरमधल्या त्या 'शुभ्र' करणाऱ्या केमिकलमुळे, निळा-पांढरा. नवीन माणूस त्यालाच बुरशी समजतो. रंग बघायचा, निळा म्हणजे धागा, नारिंगी म्हणजे आजार, आणि हा फरक या टॉर्चमध्ये स्वच्छ दिसतो. उजेडाला पैकीच्या पैकी.

आता कुरकुर.

एक, बटण. हे कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, दोनदा पटकन दाबलं की स्ट्रोब, म्हणजे भराभर उघडझाप. यूव्ही टॉर्चला स्ट्रोब! विंचवासमोर नाचायचंय का? आणि जाड ग्लव्ह्ज घातलेल्या हाताने एकदा दाबायला जावं तर दोनदा दाबलं जातं. आमच्याकडून एकदा झोपलेल्या घोळक्याखाली, पंधरा-वीस असतील, तो लपक लपक सुरू झाला आणि मी तो पोटाशी धरून कोपऱ्यात वळलो, बंद कुठे करायचा तेच सुचेना. बाईंनी काही म्हटलं नाही, पण बघितलं. एकेक जाग म्हणजे त्यांच्या साठ्यातली काही दिवसांची चरबी, हे माहीत असल्यावर ती नजर पुरते. आता मी आत शिरायच्या आधी मोड लॉक करतो आणि आत शेपटीची टोपी अर्धा आटा सैल-घट्ट करून चालू-बंद करतो, बटणाला हातच लावत नाही.

दोन, अंगावरची खरबरीत नक्षी. हातातून निसटू नये म्हणून असते, सगळे रिव्ह्यूवाले तिचं कौतुक करतात, 'ग्रिप मस्त'. अहो, त्या प्रत्येक खाचेत चिखल जाऊन बसतो! दर फेरीनंतर दहा मिनिटं टूथब्रशने खरवडतोय, आणि खाणीतली माती वाळली की सिमेंट. मला गुळगुळीत अंगाचा टॉर्च द्या, निसटला तर मी बघून घेईन.

तीन, सोबत आलेली नायलॉनची दोरी आणि पट्ट्याची क्लिप. दोरी चिखल पिते, क्लिपच्या स्क्रूखाली चिखल अडकतो. दोन्ही पहिल्याच दिवशी काढून टाकली, त्याजागी साधी रबरी नळी अडकवलीय, धुवायला सोपी.

चार, थंडी. बॅटरी गारठली की लवकर मान टाकते. पेनसिल्व्हेनियात काही जुन्या खाणींमध्ये हवेचा मार्ग बदलून आत मुद्दाम जास्त गारवा आणलाय, कारण गारव्यात बुरशी हळू वाढते आणि वटवाघळांची चरबीही पुरते. चांगली कल्पना आहे, पण अशा ठिकाणी जायचं तर जास्तीची बॅटरी आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा.

आणि एक जाता जाता, पेजवर प्रश्नोत्तरांत कोणीतरी विचारलंय, याने गुहेतली बुरशी मरेल का. नाही मरणार. मारणारा यूव्ही वेगळा, यूव्ही-सी, २५४ नॅनोमीटरचा. २०१८ मध्ये दिसून आलं की पीडीला त्या उजेडाने झालेली डीएनएची मोडतोड नीट दुरुस्त करता येत नाही आणि ती थोड्याशा डोसातच मरते. पण ते लॅबचं काम, हा टॉर्च फक्त दाखवतो. आणि दाखवतानाही चष्मा घाला, उजेड दिसत नाही म्हणून डोळ्याला काही होत नाही असं नाही. मास्क आणि यूव्ही गॉगल एकत्र घातले की काच धुरकटते, त्याला उपाय मला तरी सापडलेला नाही.

आता मुख्य, धुणं. या टॉर्चवर आयपीएक्स८, म्हणजे पाण्यात बुडवला तरी चालतो, असं लिहिलंय, पण ते रेटिंग साध्या पाण्याचं, ५५ अंशांच्या नव्हे, त्यामुळे पहिल्या वेळी जीव मुठीत धरूनच बुडवला. घरी एक सू-वीड मशीन होतं, ती दांडी पातेल्यात सोडली की पाणी सांगाल त्या अंशावर धरून ठेवते, बायकोने हौसेने आणलेलं. मी ते ५८ वर लावलं, थोडं वर ठेवलेलं बरं, सामान टाकलं की पाणी निवतं. बूट, टेप, टॉर्च, सगळं एका मोठ्या डब्यात, वर ताटली ठेवून दाबलेलं, कारण तरंगलं तर ते बुडवलं म्हणायचं नाही. बायको किचनमध्ये आली, डब्यात बघितलं, मशीनकडे बघितलं, म्हणाली, "हे आता तुझं. गॅरेजमध्ये ने." तेव्हापासून ते गॅरेजमध्येच आहे आणि त्यात पुन्हा काही शिजलेलं नाही. लग्नातलं नुकसान रिव्ह्यूत धरायचं का मला माहीत नाही.

तीन हिवाळे, पंचवीसेक बुडवण्या, टॉर्च जिवंत आहे. फक्त काही पथ्यं पाळतो. बॅटरी आधी बाहेर, ती वेगळी पुसायची, लिथियम गरम पाण्यात घालायचा धीर मला नाही. टोपी घट्ट, रबरी रिंगला वर्षातून दोनदा सिलिकॉन ग्रीस. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गरम पाण्यातून काढल्यावर लगेच थंड नळाखाली धरायचा नाही. आतली हवा एकदम आकसते आणि रिंगेतून पाणी आत ओढते, माझा पहिला बहुतेक असाच बुडाला. टॉवेलवर ठेवा, आपोआप निवू द्या, मग पुसा. मागच्या वर्षी फिल्टरच्या कडेला बारीक पांढरी रेघ आलीय, चिकटवलेलं सुटतंय की काय अशी शंका आहे, अजून पाणी शिरलेलं नाही. कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की गरम पाण्यात बुडवणं 'नॉर्मल यूज' नाही आणि वॉरंटी गेली. ठीक आहे, त्यांच्या बाजूने बरोबर आहे, पण मग बॉक्सवर गुहेत उभ्या असलेल्या माणसाचं चित्र का छापता?

कॅमेऱ्याचं मात्र मी बुडवाबुडवीच्या भानगडीत पडत नाही. झिपच्या पिशवीत घालून काचेपुरतं भोक, कडेने टेप, बाहेर आलं की पिशवी फेकायची आणि कॅमेरा पुसायचा. टॉर्चही पिशवीत घालून बघितला, पण प्लॅस्टिकमधून यूव्ही अंधुक होतो आणि पिशवीच चमकते, सोडून दिलं.

स्टार म्हणाल तर साडेतीन. उजेडाला पाच, धुण्याला चार, नक्षीला दोन आणि त्या स्ट्रोबला शून्य, कोणी उणे देऊ देत असेल तर उणे. याच पैशात स्ट्रोब नसलेला, गुळगुळीत अंगाचा कोणी बनवला तर मी दोन घेईन.

शेवटी एक, खाली कोणीतरी विचारणारच म्हणून. जुना झाल्यावर विकणार का? नाही. आमच्या क्लबमधला एक मित्र पश्चिमेकडे कामाला गेलाय, तिकडच्या गुहांसाठी त्याने महिन्यापूर्वी हाच टॉर्च मागितला, म्हणाला तू धुतोसच ना इतका नीट, पाठव की दोन आठवड्यांसाठी. मार्च २०१६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात सिॲटलच्या पूर्वेला नॉर्थ बेंडजवळ एक आजारी लिटल ब्राउन सापडलं होतं, तोपर्यंत माहीत असलेल्या रोगाच्या सगळ्यात जवळच्या जागेपासून साधारण १,३०० मैलांवर. एवढी उडी लिटल ब्राउन एका दमात मारत नाही. नियमही हाच आहे की रोग असलेल्या राज्यात वापरलेलं सामान रोग न पोचलेल्या राज्यात न्यायचं नाही, धुतलेलं असलं तरी. त्याला म्हटलं, अरे पाठवत नाही, रागावू नकोस. त्याच्या पत्त्यावर नवा कोरा ऑर्डर केला, ४९ डॉलर पडले, तीन डॉलरने महागलाय.